लाईन आऊटचा कर्ण ३ इंच जुळत नाही, मिस्त्री म्हणतो "खोदाईत निघून जाईल". काम थांबवू का?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. घर बाहेरून बाहेर ३० बाय ४० फूट, प्लॉट मागे जाताना थोडा तिरका, मिस्त्रीने लाईन आऊट, म्हणजे घराची जमिनीवरची आखणी, म्हणून खुंट्या ठोकून चुन्याची फक्की मारून ठेवलीय, तुम्ही कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत टेप लावून दोन्ही कर्ण मोजले तर ३ इंचांचा फरक निघाला. मिस्त्री म्हणतो खोदाईत निघून जाईल आणि परवा जेसीबी येतोय. थांबवायचं की चालू द्यायचं?

मिस्त्री अर्धा बरोबर आहे, आणि तुम्ही त्याच्याशी भांडायच्या आधी तो कुठला अर्धा ते समजून घ्या. जमिनीवर मारलेली फक्की ही जेसीबीवाल्यासाठी असते, इथून इथपर्यंत उकर एवढंच सांगायला. फुटिंग (कॉलमखालचा काँक्रीटचा पाया) ५ फुटांचं असेल तर खड्डा ६ किंवा ७ फुटांचा घेतात, माणसाला आत उतरून शटरिंग (काँक्रीटचा साचा) लावायला जागा लागते म्हणून. जेसीबीच्या बकेटला ३ इंच म्हणजे काहीच नाही, तो तुमची चुन्याची रेघ पहिल्या पाच मिनिटांत खाऊन टाकणार आहे. तेवढ्यापुरतं मिस्त्रीचं म्हणणं खरं, खोदाईत ३ इंच निघून जातात. पण खोदाईत निघून जातो तो चुना, घराचा तिरकेपणा नाही. खरा प्रश्न हा आहे की खड्डा झाल्यावर, पीसीसीचा बेड (तळाचा साध्या काँक्रीटचा थर) पडल्यावर, कॉलमचं सेंटर त्याच्यावर कुठून आणणार. ते जिथून आणणार त्या खुणा कुठे आहेत हे मिस्त्रीला विचारा. तो जर म्हणाला की खोदल्यावर पुन्हा टेप लावून बघू, तर जेसीबी थांबवा. तो जर तुम्हाला खड्ड्याच्या बाहेर बांधलेल्या बुर्ज्या (खुणेचे विटांचे छोटे खांब) दाखवत असेल, त्याच्यावर खिळे असतील आणि त्या खिळ्यांतून ताणलेल्या दोऱ्यांचा कर्ण जुळत असेल, तर चुना ३ इंच इकडेतिकडे झाला म्हणून झोप घालवू नका.

लोक लाईन आऊट म्हणजे चुना समजतात. आखणी खरी ती, जी सगळं उकरून झाल्यावर, पाऊस पडून खड्ड्यात चिखल झाल्यावर, खुंट्या मशीनखाली गेल्यावरही दोन दोऱ्या ताणून तासाभरात जशीच्या तशी परत उभी करता येते. बाकी सगळं त्याच्यानंतर.

आता तुमचे ३ इंच आले कुठून. हे न बघता सांगतोय, त्यामुळे तीन शक्यता सांगतो, तपासून बघा.

पहिली आणि मला सगळ्यात जास्त वाटणारी शक्यता: मिस्त्रीने पुढची बाजू रस्त्याला समांतर धरली आणि डावी की उजवी जी असेल ती बाजू प्लॉटच्या हद्दीला समांतर धरली. दोन्ही ठिकाणी मार्जिन (हद्दीपासून सोडायची मोकळी जागा) सारखं सुटलं की डोळ्याला बरं दिसतं आणि मालकही खूश होतो. पण प्लॉटच तिरका आहे ना, मग त्या दोन हद्दी एकमेकींना काटकोनात नाहीत, आणि तुम्ही घराला प्लॉटचा तिरकेपणा चिकटवला. हिशोब करून बघा. ३० बाय ४० च्या आयतात समोरासमोरच्या बाजू बरोबर असून कर्णात ३ इंचांचा फरक असेल तर मागची बाजू पुढच्या बाजूच्या मानाने साधारण अडीच इंच एका अंगाला सरकलेली असते. तोच तिरपेपणा ६० फूट खोल प्लॉटच्या हद्दीत बघितला तर पावणेचार इंच होतो, आणि ६० फुटांत पावणेचार इंच कुणाच्याही डोळ्याला दिसत नाही. म्हणून मिस्त्रीने मुद्दाम काही वाईट केलं असं नाही, त्याने हद्दीवर विश्वास ठेवला.

दुसरी शक्यता म्हणजे तुम्ही कर्ण कशापासून कशापर्यंत मोजला. हे जरा नीट वाचा कारण इथे इंजिनिअर लोकही गडबडतात. तुम्ही जर कोपऱ्यातल्या कॉलमच्या मध्यापासून मध्यापर्यंत टेप लावला असेल तर कर्ण जुळायलाच हवा असं नाही. समजा सगळे कॉलम ९ बाय १५ इंचांचे आहेत आणि बाहेरच्या बाजूला भिंतीच्या तोंडाला लावून घेतलेत. एका कर्णाच्या दोन टोकांच्या कोपऱ्यांत कॉलम आडवा आहे आणि उरलेल्या दोन कोपऱ्यांत उभा, जे आरसीसी ड्रॉइंगमध्ये सर्रास असतं. मग आडव्या कॉलमचा मध्य एका तोंडापासून साडेसात इंच आणि दुसऱ्या तोंडापासून साडेचार इंच आत येतो, उभ्याचा बरोबर उलटा. अशा चार मध्यांना जोडलं तर तो आयत होतच नाही, घर शंभर टक्के गुण्यात (काटकोनात) असूनही दोन कर्णांत सव्वा इंचाचा फरक येतो. म्हणून कर्ण मोजायचा तो एकतर घराच्या बाहेरच्या चार कोपऱ्यांचा, नाहीतर ड्रॉइंगवरच्या ग्रिडच्या, म्हणजे कॉलम बसवायला आखलेल्या आडव्या-उभ्या रेषा जिथे छेदतात त्या चार बिंदूंचा. कॉलमच्या मध्याचा नाही. यातून पूर्ण ३ इंच येणार नाहीत, पण अर्धा घोळ इथला असू शकतो.

तिसरी शक्यता टेपची. कापडी किंवा फायबरचा टेप ओढला की वाढतो, आणि ५० फूट लांबीत एकाने जोरात आणि दुसऱ्याने हलक्या हाताने ओढला तरी फरक पडतो. शिवाय जुन्या टेपचं पहिलं टोक तुटलेलं असतं, म्हणून लोक १ फुटाच्या खुणेपासून धरतात आणि मग वाचताना तो एक फूट वजा करायला एखाद्या वेळी विसरतात. स्टीलचा टेप घ्या, दोन्ही कर्ण एकाच टेपने, त्याच दोन माणसांनी, सारख्याच ताणाने मोजा. जमीन उताराची असेल तर टेप जमिनीवर टाकून मोजायचा नाही, आडवा लेव्हलमध्ये धरून खालच्या टोकाला ओळंबा सोडायचा. ४० फुटांत २ फूट उतार असेल तर जमिनीलगत मोजून अर्ध्या इंचाहून थोडं जास्तच चुकतं, आणि एका बाजूला उतार, दुसऱ्या बाजूला सपाट असेल तर चारी बाजू कागदावर जुळलेल्या दिसूनही घर वाकडं निघतं.

या तिन्हींतली कुठलीही असली तरी दुरुस्तीची पद्धत एकच आहे, म्हणून मी पहिल्यापासून कसं करतो ते सांगतो.

सुरुवात हद्दीपासून. हद्दीचे दगड किंवा खुणा अधिकृत मोजणीप्रमाणे आहेत का, की शेजाऱ्याच्या कुंपणाला हद्द मानून चाललोय? कुंपण म्हणजे हद्द नव्हे. हे एकदा पक्कं झालं की मग कुठली बाजू धरायची ते ठरवायचं. मी सहसा जिथे मार्जिन सगळ्यात काटेकोर आहे ती बाजू धरतो, म्हणजे जिथे नियमाने जेवढं सोडायचं तेवढंच सुटतंय, एक इंचही जास्त नाही. बऱ्याचदा ती रस्त्याची बाजू असते पण नेहमीच नाही, अरुंद प्लॉटला बाजूची हद्द जास्त त्रास देते. त्या एका बाजूला समांतर एक रेघ, आणि घरातलं बाकी सगळं त्या रेघेवरून. दुसऱ्या कुठल्याही हद्दीला समांतर म्हणून काहीही धरायचं नाही. मग प्लॉट तिरका असेल तर दुसऱ्या बाजूचं मार्जिन पुढे ६ फूट आणि मागे साडेपाच फूट असं कमी होत जाईल. होऊ द्या. फक्त सगळ्यात जवळ येणाऱ्या कोपऱ्यापाशी हद्दीला काटकोनात मोजून बघा की तिथेही किमान मार्जिन सुटतंय. नाही सुटलं तर घर त्या बाजूने थोडं सरकवायचं, किंवा आर्किटेक्टकडे परत जायचं, पण घर वाकडं करायचं नाही. तिरकेपणा अंगणात जिरवायचा, घरात नाही.

इथे कुणी विचारेल की अडीच इंच तिरकं असलं तर बिघडतं काय. घर पडत नाही, हे खरं आहे. पण १२ फुटांच्या खोलीत तो तिरपेपणा पाऊण इंचाचा होतो, आणि फरशी बसवणारा एका भिंतीपासून सरळ लाईन धरून आला की दुसऱ्या भिंतीपाशी पाचरीसारखे तुकडे कापत बसतो, एका टोकाला अख्खी फरशी आणि दुसऱ्या टोकाला पाऊण इंच कमी. किचनचा ओटा, कोपऱ्यातलं कपाट, जिन्याचं लँडिंग, सगळीकडे तो पाऊण इंच वर येतो आणि प्रत्येक कारागीर आपापल्या परीने तो लपवतो. ज्या प्लॉटचा तिरकेपणा मोठा आहे, दोन-चार फुटांचा, आणि जागा वाया घालवणं परवडत नाही, तिथे भिंत मुद्दाम हद्दीला समांतर घेतातही, त्यात गैर काही नाही. पण तो निर्णय आर्किटेक्टने ड्रॉइंगवर घ्यायचा असतो, जेणेकरून तिरकेपणा एखाद्या स्टोअरमध्ये किंवा पॅसेजमध्ये ढकलता येईल. दोरी धरताना साईटवर घ्यायचा तो निर्णय नाही.

दोरीला हात लावायच्या आधी ड्रॉइंग. हे कंटाळवाणं काम आहे म्हणून थोडक्यात सांगतो, पण टाळू नका. आर्किटेक्टचा प्लॅन आणि आरसीसीचा फुटिंग प्लॅन शेजारी ठेवा, दोन्हीवर ग्रिडची अंतरं एकच आहेत का बघा, सगळी छोटी मापं बेरीज करून बाहेरच्या एकूण मापाशी जुळवा, आणि दोन्हीची शेवटची सुधारित प्रत हातात आहे ना ते पक्कं करा. मग प्लॅन हातात धरून साईटवर जिथे मुख्य दरवाजा येणार तिथे तोंड करून उभे राहा आणि डावीकडे जिना दाखवलाय तर खरंच डावीकडे येतोय का बघा. प्लॅन आरशातल्यासारखा उलटा पडणं ही वरवर अशक्य वाटणारी चूक आहे, पण कागद उलटसुलट फिरवताना ती होते, आणि झाली की इंचात नाही, फुटांत होते.

आता कोपरे. तुमचं नशीब बघा, ३० बाय ४० चा कर्ण बरोबर ५० फूट येतो, म्हणजे तुमचं अख्खं घरच ३-४-५ चा त्रिकोण आहे. पुढच्या रेघेवर एक कोपरा पक्का करा, त्याला आपण क म्हणू. खुंटी जाड असते म्हणून खुंटीच्या डोक्यावर बारीक खिळा ठोका आणि सगळी मापं खिळ्यापासून. त्याच रेघेवर ३० फुटांवर ख. आता दोन टेप लागतील. क पासून ४० फूट आणि ख पासून ५० फूट, दोन्ही टेप ताणून जिथे एकमेकांना मिळतात तो घ, म्हणजे क च्या मागचा कोपरा. तसंच ख पासून ४० आणि क पासून ५०, तो ग. आणि आता शेवटचं माप, जे आपण कुठेच वापरलेलं नाही: ग ते घ. ते ३० फूट आलं पाहिजे. हे माप आपोआप जुळलं तर आखणी बरोबर, कारण ते आपण जुळवलेलं नाही, ते स्वतःहून आलंय. ५० फुटांच्या कर्णात मी पाव इंचापर्यंत फरक चालवून घेतो. अर्धा इंच आला तर पुन्हा मोजायला लावतो, आणि पुन्हा मोजल्यावर बहुतेक वेळा टेप कुठेतरी गवताला किंवा दगडाला अडकलेला सापडतो.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, नुसते कर्ण सारखे आले म्हणून घर गुण्यात आहे असं होत नाही. पुढची बाजू ३० फूट आणि मागची २९ फूट ६ इंच, दोन्ही बाजूंनी तीन-तीन इंच आत, अशा आकाराचेही दोन्ही कर्ण तंतोतंत सारखे येतात. समोरासमोरच्या बाजू सारख्या आणि कर्णही सारखे, दोन्ही एकत्र हवं. मिस्त्री लोक बऱ्याचदा "कर्ण मिळाला" एवढंच सांगतात, तेव्हा मागची बाजू स्वतः मोजा.

आणि मिस्त्री छोटा गुण्या (लोखंडी काटकोन) लावून, किंवा ३ फूट-४ फूट-५ फूट करून कोपरा काढत असेल तर तो कोपऱ्यापुरता बरोबर दिसतो. ४ फुटांवर अर्धा इंच चुकला तर ४० फुटांवर ५ इंच चुकणार. त्रिकोण जेवढा मोठा घेता येईल तेवढा घ्यायचा, जागा असेल तर १८-२४-३०, नसेल तर निदान ९-१२-१५. लोखंडी गुण्या भिंतीच्या बांधकामाला ठेवा, लाईन आऊटला नको.

बाहेरचे चार कोपरे बसले की आतल्या ग्रिडच्या रेषा. इथे एकच सवय लावा: प्रत्येक माप शून्यापासून. म्हणजे खोली मोजली, मग तिथून पुढची खोली, मग तिथून पुढची, असं नाही. टेपचं शून्य क वर धरून ठेवायचं आणि एकाच ताणात ग्रिड १, २, ३, ४ च्या खुणा करायच्या. एकेक खोली मोजत गेलं की प्रत्येक वेळी थोडं थोडं गोळा होतं आणि शेवटच्या खोलीच्या वाट्याला सगळं येतं.

आता मुख्य, बुर्ज्या. प्रत्येक ग्रिडच्या रेषेच्या दोन्ही टोकांना, खड्ड्याच्या बाहेर, विटांचा छोटा खांब, वर प्लास्टर, आणि प्लास्टर ओलं असताना त्यात खिळा. एका दिशेला चार आणि दुसऱ्या दिशेला चार रेषा असतील तर सोळा खिळे. वेगवेगळे खांब नको असतील तर चारी बाजूंनी सलग एक-दोन थरांची भिंतुली घातली तरी चालते, मला तीच जास्त आवडते कारण एकटा खांब जेसीबीच्या टायरने सहज हलतो. किती लांब ठेवायच्या हे साईटवर अवलंबून आहे: फुटिंगची बाहेरची कड धरा, त्याच्यापुढे काम करायची जागा धरा, माती भुसभुशीत असेल तर खड्ड्याचा काठ ढासळेल तेवढी जागा धरा, आणि त्याच्यापुढे तीन-चार फूट. उकरलेली माती कुठे टाकणार ते जेसीबीवाल्याला आधी दाखवून ठेवा. तो माती बरोबर बुर्ज्यांवरच टाकतो. काठालगत ढीग केला तर काठही ढासळतो, त्यामुळे माती लांब टाकणं दोन्ही कारणांनी बरं.

मार्जिनच ५ फुटांचं आहे आणि फुटिंग ५ फुटांचं, तर अडीच फूट फुटिंग बाहेर येणार, त्यापुढे फूटभर कामाची जागा, उरतो दीड फूट. तिथे बुर्जी टिकत नाही. अशा वेळी कंपाउंडच्या भिंतीवरच खूण करा, काँक्रीटचा खिळा आणि भोवती रंगाचा गोल. पण ती भिंत जुनी असेल आणि तिच्या पायाजवळ खोदणार असाल तर तीच हलू शकते, म्हणून तिथला एखादा बिंदू लांब रस्त्यापलीकडच्या पक्क्या जागेवरही नेऊन ठेवा. आणि हो, हे फुटिंग हद्दीच्या बाहेर तर जात नाही ना हेही याच वेळी बघून घ्या, कारण लोक मार्जिन भिंतीपासून मोजतात आणि जमिनीखाली फुटिंग शेजाऱ्याकडे गेलेलं असतं.

खिळ्याशेजारी रंगाने ग्रिडचं नाव लिहा, ए, बी, सी, किंवा १, २, ३, जे ड्रॉइंगवर असेल ते. नुसता खिळा ठेवला तर पंधरा दिवसांनी तो भिंतीच्या मध्याचा, ग्रिडचा की बाहेरच्या तोंडाचा यावरून वाद होतो. एका साईटवर, कॉन्ट्रॅक्टर बदलल्यावर, नव्या माणसाने बाहेरच्या तोंडाच्या खिळ्याला सेंटर धरून दोन कॉलमची जाळी बसवलेली मी पाहिलीय, सगळं साडेचार इंच बाहेर. काँक्रीट पडायच्या आधी दिसलं म्हणून बरं. म्हणून एका साईटवर एकाच प्रकारचे खिळे ठेवा, सगळे ग्रिडचे. बाकीची मापं कागदावर.

दोरी बारीक नायलॉनची, घट्ट ताणलेली. उभ्या आणि आडव्या दोऱ्या एकमेकींना टेकू द्यायच्या नाहीत, एक थोडी वर, एक थोडी खाली. टेकल्या की एक दुसरीला ढकलते आणि जिथे ओळंबा सोडणार नेमकी तिथेच चूक होते. वारा जोरात असेल तर थांबा, लांब दोरी वाऱ्याने पोटात येते आणि ओळंबाही स्थिर राहत नाही, खाली ओळंब्याला आडोसा धरायला एक माणूस लागतो.

बुर्ज्यांची डोकी सगळी एका लेव्हलला घ्या म्हणजे त्याच खुणा उंचीलाही कामाला येतात. डंपी (लेव्हल बघायची दुर्बीण) किंवा लेझर असेल तर उत्तम, नसेल तर पाण्याची नळीही तितकंच बरोबर सांगते, फक्त नळीत हवेचा बुडबुडा नको, नळी कुठे पिळलेली नको, दोन्ही टोकं उघडी हवीत आणि पाणी हलायचं थांबल्याशिवाय खूण करायची नाही. सगळीकडे फिरून शेवटी पहिल्या बुर्जीवर परत या आणि तीच लेव्हल मिळते का बघा. जोत्याची उंची रस्त्यावरून ठरवताना रस्ता पुढे थर चढून वर येणार हे धरून ठरवा. मग बुर्जीवर लिहून टाका, इथून जोतं अमुक वर, खोदाई अमुक खाली. खोदाईची खोली मात्र ड्रॉइंगपेक्षा जमीन ठरवते, पक्का थर लागला की नाही ते इंजिनिअरने खड्ड्यात बघून सांगायचं.

यानंतर चुना. फुटिंगचं माप, चारी बाजूंनी कामाची जागा, आणि मारा फक्की. इथे तुमचे ३ इंच आले तरी मला चालतील. अपवाद एकच: कठीण मुरूम किंवा खडक असेल आणि शटरिंग न लावता खड्डा अगदी फुटिंगच्याच मापाने घेणार असतील, तर चुनाही काटेकोर हवा, कारण तिथे ३ इंच चुकले की नंतर ब्रेकर लावून तासावं लागतं.

खोदाई आणि पीसीसी झाल्यावर सगळ्या दोऱ्या परत लावायच्या, छेदाच्या ठिकाणी ओळंबा खाली सोडायचा, बेडवर खडूने किंवा दोरीने ग्रिडचा अधिक चिन्ह काढायचा आणि त्याच्यावरून ड्रॉइंगप्रमाणे कॉलमची चौकट. आरसीसी ड्रॉइंगवर कॉलम ग्रिडपासून किती इंच कुठल्या बाजूला हे लिहिलेलं असतं, ते बघूनच. या टप्प्याला चार कोपऱ्यांचे कर्ण पुन्हा मोजा. जोत्याच्या बीमच्या वेळी आणखी एकदा, कारण मातीच्या भरावाने आणि काँक्रीट ओतताना कॉलमची सळई थोडी ढकलली जाते. एकदा जोतं बरोबर बसलं की वरच्या मजल्यांना ओळंबा आहेच.

टोटल स्टेशन (सर्व्हेअरचं अंतर आणि कोन मोजणारं मशीन) लावू का असंही तुम्ही शेवटी विचारलंय. मोठ्या, वेड्यावाकड्या किंवा उताराच्या प्लॉटला नक्की लावा, मिलीमीटरमध्ये बिंदू देतं, टेपच्या वाटेत ढिगारे असले तरी मशीनमधून बिंदू दिसला की काम होतं. तुमच्या ३० बाय ४० ला स्टीलचे दोन टेप, चांगली दोरी आणि तीन शहाणी माणसं पुरतात. आणि मशीनने दिलं म्हणून बरोबर असंही नाही, ड्रॉइंगच्या फाईलमध्ये चूक असेल तर मशीन ती चूक मिलीमीटरपर्यंत अचूक आखून देतं. सर्व्हेअर गेला की कर्णाला टेप लावाच.

तर परवाचं काय करायचं. मिस्त्रीवर चढू नका, त्याला म्हणा आपण पुढची रेघ आहे तशी ठेवू, मागच्या दोन खुंट्या ५० फुटांच्या कर्णाने परत काढू. हिशोबाप्रमाणे त्या दोन्ही साधारण अडीच इंच सरकतील, लांब कर्ण ज्या दिशेने कमी होतो त्या दिशेला. मग तिरक्या हद्दीपाशी, जो कोपरा हद्दीच्या सगळ्यात जवळ येतो तिथे मार्जिन मोजा. ते बसलं तर बुर्ज्या बांधून घ्या, एक दिवस जाईल, प्लास्टर किमान रात्रभर घट्ट होऊ द्या, तुमच्या इंजिनिअरला किंवा आर्किटेक्टला दोरी लावून एकदा दाखवा आणि मगच मशीन. जेसीबी एक-दोन दिवस पुढे ढकलायला लागला तर ढकला. मार्जिन बसत नसेल तर मात्र खोदाई नाही, आधी आर्किटेक्ट.

तोपर्यंत एक काम करा, स्टीलच्या टेपने चारी बाजू आणि दोन्ही कर्ण अशी सहा मापं बाहेरच्या कोपऱ्यांच्या खिळ्यांपासून घेऊन इथे लिहा, कुठलं माप कुठल्या बाजूचं ते सांगून. पाच मापांत आकार ठरतो आणि सहावं पडताळायला, त्यामुळे नेमकी कुठली खुंटी सरकलीय की टेपनेच फसवलंय हे बसल्या जागी सांगता येईल.